रोटरी इंजिनाच्या विमानात तेलाचा बिघाड शोधताना या चुका टाळा

अमेरिकेत स्वतः विमान बांधणाऱ्या काही हौशी मंडळींनी व्हॅन्स या कंपनीच्या आरव्ही मालिकेतील विमानांना नेहमीच्या लायकॉमिंग पिस्टन इंजिनाऐवजी मॅझ्दा गाडीचे १३बी रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारे) बसवले आहे. प्रत्येकी ६५४ सीसीच्या दोन रोटरांचे हे इंजिन दणकट असले, तरी त्याचे रोटर आतून तेलानेच थंड होतात आणि शीतनव्यवस्थेवर पडणाऱ्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भार तेल उचलते. त्यामुळे येथे तेलाचे तापमान आणि दाब यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तापमान वाढले की लगेच तेल थंड करणारा मोठा कूलर विकत घेणे. त्याआधी सेन्सर नेमका कुठे बसवला आहे, हे पाहावे. सम्पमधले (इंजिनाच्या तळाच्या तेलटाकीतले) तेल रोटरांची उष्णता घेऊन आलेले असते, तर कूलरमधून परतणारे तेल बरेच थंड असते. अनेक जण पाळतात ती सुमारे १०० अंश सेल्सिअसची मर्यादा इंजिनात शिरणाऱ्या तेलाची आहे. कूलरच्या आधी आणि नंतर असे दोन सेन्सर बसवले, तर निम्मे निदान तिथेच होते. दोन्हींत फरक फारच कमी असेल, तर एक तर कूलरमधून पुरेशी हवा जात नाही किंवा तेल कूलरच्या जाळीतून न जाता बगल देऊन परतते. मॅझ्दाच्या आरएक्स-७ गाडीच्या मूळ कूलरमध्ये थर्मोस्टॅटचा बायपास (तेल थंड असताना जाळी टाळून नेणारी वाट) असतो, आणि तो उघडा अडकला, तर जाळी कितीही मोठी असली तरी उपयोग होत नाही. तापमान फक्त चढाईतच वाढत असेल, तर आधी काउलिंगमधल्या (इंजिनावरच्या आवरणातल्या) फटी बुजवाव्यात आणि गरम हवा बाहेर पडण्याची वाट पुरेशी आहे का, ते तपासावे.

तेलाचा दाब घसरल्यावर तो ठरवणाऱ्या रेग्युलेटरची स्प्रिंग कडक करून काटा वर आणणे मला धोक्याचे वाटते, कारण त्याने मूळ गळती झाकली जाते. प्रथम साधे यांत्रिक मापक जोडून विजेवर चालणारा सेन्सर खरे सांगतो का, याची खात्री करावी. दाब खरोखर कमी असेल आणि तोही विशेषतः इंजिन तापून आयडलवर (सर्वांत मंद गतीवर) आल्यावर, तर पुढच्या कव्हरमागच्या तेलमार्गाच्या ओ-रिंगवर (रबरी सीलवर) संशय घ्यावा. ती फाटली की तेल आतल्या आत सम्पमध्ये परतते आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही, म्हणून ती सहज नजरेतून सुटते. एक्सेंट्रिक शाफ्टच्या (रोटर ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या टोकातला थर्मल पेलेट, म्हणजे तापल्यावर तेलाची आडवाट बंद करणारा भाग, तापूनही बंद होत नसेल, तरी दाब पडतो. शिवाय रोटरांना थंड करणाऱ्या जेटपर्यंत तेल पुरेशा जोराने पोहोचत नाही, म्हणून बरेच जण तिथे घन प्लग बसवतात. पंख्याची गती इंजिनापेक्षा कमी ठेवणाऱ्या रिडक्शन ड्राइव्हला (गिअरबॉक्सला) इंजिनाचेच तेल जात असेल, तर त्या नळीतला तेलाचा प्रवाह मर्यादित ठेवणारा बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर जागेवर आहे ना, तेही पाहावे.

पंपातून निघालेले तेल आधी कूलरमध्ये, मग फिल्टरमध्ये आणि त्यानंतर बेअरिंगकडे जाते, तर दाबाचा सेन्सर बहुधा फिल्टरजवळ असतो. म्हणून थंडीत सुरू करताच आरपीएम चढवले, तर घट्ट तेलामुळे कूलर आणि होज यांच्यावर मापकात दिसतो त्याहून बराच जास्त ताण येतो. कारच्या एसीचे इव्हॅपोरेटर (हवा थंड करणारी जाळी) तेलाचा कूलर म्हणून वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

रोटरांच्या सीलना थोडे थोडे तेल पुरवणारा मीटरिंग पंप काढून टाकला असेल, तर एपेक्स सीलसाठी (रोटरच्या टोकांवरच्या सीलसाठी) दर वेळी इंधनात टू-स्ट्रोक तेल मिसळावेच लागते. घरी बनवलेला उथळ सम्प बसवताना सिलिकॉन सीलंट सढळ हाताने लावू नये, कारण आत दाबले गेलेले त्याचे तुकडे पिकअपच्या (सम्पमधून तेल ओढणाऱ्या नळीच्या) जाळीत अडकतात. पहिल्या काही तासांनंतर फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून पाहाव्यात. तिथे सीलंटचे कण सापडले, तर सम्प उतरवून जाळी साफ केल्याशिवाय पुन्हा उड्डाण करू नये.