बेणं कापायला घाई नको

बटाट्याचं निम्मं पीक बेणं कापतानाच ठरतं, म्हणून तिथनंच सांगते. आमचं रान खटाव तालुक्यात, पुसेगावच्या वरच्या अंगाला, मुरमाड पण निचऱ्याचं. पाणी धरणाऱ्या काळ्या रानात खरिपाचा बटाटा लावू नका, कुजतो.

शीतगृहातलं बेणं आणल्याबरोबर कापू नका. आठ-दहा दिवस सावलीत पातळ पसरा, आखूड आणि जाड कोंब येऊ द्या. कापायला आमच्यात सासूबाई आणि थोरल्या जाऊबाई बसतात. बटाटा उभा कापायचा, म्हणजे शेंड्याकडचे जोमदार डोळे दोन्ही फोडींत वाटले जातात. फोडीला दोन-तीन डोळे हवेत, वजन 30-40 ग्रॅम. आत तपकिरी कडं दिसलं तर तो बटाटा रानाबाहेर टाका आणि विळीचं पातं उकळत्या पाण्यात धुऊनच पुढचा घ्या. मर रोग पात्यावरनंही पसरतो. फोडी रात्रभर सावलीत गोणपाटावर ठेवा. काप हाताला कोरडा लागला की मगच लावण.

जूनअखेर वाफसा आला, म्हणजे रान ओलं पण चिखल नाही असं झालं, की दोन फुटांच्या सऱ्या पाडा. फोडी वीतभर अंतरानं, चार बोटं खोल लावा. महिन्याच्या आत खुरपून झाडाच्या बुडाला मातीची भर द्या. ही भर चुकवू नका. बटाटा मुळाला लागत नाही, जमिनीतल्या खोडाच्या फांदीला लागतो; माती कमी पडली की उघडा पडून हिरवा होतो, आणि हिरवा बटाटा कडू आणि विषारी असतो.

करप्याची मला फार धास्ती वाटते. 1845 पासून आयर्लंडमध्ये ह्याच रोगानं सलग काही वर्षं पीक नासवलं. तिथली गरीब माणसं बटाट्यावरच जगत होती, त्यातही बहुतेक लंपर ह्या एकाच जातीवर. सुमारे 10 लाख माणसं उपासमारीनं आणि साथीच्या रोगांनी गेली. तेव्हा ढगाळ हवा आणि झिमझिम दोन-तीन दिवस टिकली की डाग दिसायची वाट बघू नका. 10 लिटर पाण्याला 25 ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक घ्या, पानांची खालची बाजू भिजेल असं फवारा.

पाला पिवळा पडला की पाणी तोडा, पाला कापून आठ-दहा दिवस थांबा. अंगठ्यानं चोळून साल निघाली नाही तरच काढणी करा. अरण, म्हणजे साठवणीचा ढीग, लावायची असेल तर बटाटा आधी सावलीत सुकवा, कापलेला आणि सडका वेगळा काढा. झाडाखाली कडुनिंबाचा पाला अंथरून ढीग करा, वरनं कडबा झाका. वास यायला लागला तर लगेच अरण मोडून निवडा.