उंदराची भीती मोजायची असेल तर

उंदराला शेपटीला धरून उचलू नका. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी 28 उंदीर तसेच उचलून प्लस मेझवर, म्हणजे भीती मोजण्याच्या चार हातांच्या उंच सांगाड्यावर ठेवले. आम्ही अभ्यासतो तो रिसेप्टर (पेशीवरचा, संप्रेरकाचा संदेश घेणारा रेणू) असलेले आणि नसलेले, सगळेच भिंतींच्या आडोशाला जाऊन बसले. फरक दिसणार कसा? आणि एकदा मेझ पाहिलेला उंदीर दुसऱ्यांदा वेगळाच वागतो, म्हणून चाचणी पुन्हाही घेता येत नाही. ते 28 जीव मी वाया घालवले, याचं मला आजही वाईट वाटतं. आता आठवडाभर आधीपासून रोज त्यांना ओंजळीत किंवा पुठ्ठ्याच्या नळीत घेऊन सवय लावते.

आमचा रिसेप्टर सीआरएचआर-1. ताण आला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच हे संप्रेरक सुटतं, पिट्युटरी ग्रंथीवरच्या या रिसेप्टरला जोडलं जातं आणि शेवटी अॅड्रिनल ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक रक्तात येतं. 1998 मध्ये अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूटमधल्या आणि म्युनिकच्या माक्स प्लांक मानसोपचार संस्थेतल्या गटांनी हा रिसेप्टर नसलेले उंदीर तयार केले. ते कमी घाबरत होते. पण त्यांचं कॉर्टिकोस्टेरॉनही घटलेलं होतं. मग धीर आला तो मेंदूमुळे की ग्रंथीमुळे? 2003 मध्ये म्युनिकच्याच संशोधकांनी फक्त पुढच्या मेंदूतून रिसेप्टर काढला. विश्रांतीतली संप्रेरकं जागच्या जागी राहिली, भीती तरीही कमी झाली. 2011 मध्ये तर कळलं की ग्लुटामेट या रसायनाने संदेश देणाऱ्या मेंदूपेशींतून तो काढला तर भीती घटते, डोपामिनने संदेश देणाऱ्या पेशींतून काढला तर वाढते. म्हणून ‘रिसेप्टर काढला’ एवढंच वहीत लिहू नका. कुठल्या पेशींतून, तेही लिहा.

पैदास करताना आई-बाप दोघेही रिसेप्टरच्या जनुकाची एकच प्रत असलेले घ्या. दोघांतही तो अजिबात नसेल तर पिल्लांची फुफ्फुसं नीट तयार होत नाहीत आणि जन्मल्यावर ती दगावतात; गाभण आईला पाण्यातून कॉर्टिकोस्टेरॉन दिलं तरच वाचतात. एकच प्रत असलेल्या जोडीची पिल्लं तिन्ही प्रकारची (दोन प्रती, एक प्रत, एकही नाही) निघतात, म्हणजे तुलनेला सख्खी भावंडं मिळतात. ती बाहेरून विकत आणलेल्या उंदरांपेक्षा कितीतरी चांगली.

मेझ साधा असतो: अधिकच्या चिन्हासारखे चार हात, प्रत्येक साधारण 30 सेंटीमीटर लांब आणि 5 रुंद, जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास उंच. समोरासमोरच्या दोन हातांना भिंती, दोन उघडे. उघड्या हातांत जास्त वेळ म्हणजे भीती कमी. पिंजरे तासभर आधी खोलीत आणून ठेवा. त्या दिवशी भुसा बदलू नका. उघड्या हातांवरचा उजेड लक्समीटरने मोजून दर वेळी तेवढाच ठेवा. उंदीर मधोमध, उघड्या हाताकडे तोंड करून सोडा आणि खोलीबाहेर जा. कॅमेरा 5 मिनिटं बघेल. दोन उंदरांच्या मध्ये 70 टक्के अल्कोहोलने मेझ पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मला वाळण्याची घाई असायची, ती चूक. सगळी बॅच एकाच माणसाने हाताळावी, कारण पुरुषाच्या नुसत्या वासानेही उंदरांना ताण येतो, हे 2014 मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं.

चारही पाय आत आले तरच प्रवेश मोजा. उघड्या हातांतला वेळ वाढला असेल तर लगेच आनंदू नका, बंद हातांतले प्रवेशही बघा. तेही वाढले असतील तर तो उंदीर कदाचित नुसताच जास्त पळतोय.

मूड मोजण्यासाठी लोक उंदराला पाण्यात पोहायला लावतात आणि तो तरंगत राहिला की उदास ठरवतात. मला हे पटत नाही. उंदीर शक्तीही वाचवत असेल. शिवाय प्राण्यांत आशा दाखवलेल्या, सीआरएचआर-1 अडवणाऱ्या औषधांनी नैराश्याच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत निराशाच केली. तेव्हा अहवालात ‘तरंगण्याचा वेळ’ असंच लिहा.

कोणता उंदीर कुठल्या गटातला, ती यादी दुसऱ्या कुणाकडे द्या आणि सगळे व्हिडिओ मोजून झाल्यावरच परत मागा.