कर्लीच्या खाडीकाठी तंबू टाकायचाय? आधी तिथी बघा

मालवणजवळच्या देवबागला तंबू घेऊन जायचं ठरलं की घरोघरी आधी सुट्ट्या जुळवल्या जातात. मी म्हणेन, आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथ्या बघा. खाडीकाठचा दिवस पाण्याच्या वेळेवर चालतो आणि पाणी चालतं तिथीवर.

हिशोब सोपा आहे, कोकणात तो पोराटोरांनाही येतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास खाडी तुडुंब. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हे गणित ढोबळ आहे, पाऊण तास इकडेतिकडे धरा आणि पोचल्यावर होडीवाल्याकडून पक्कं करून घ्या.

मुलं बरोबर असतील तर पौर्णिमेनंतरची तृतीया ते पंचमी सगळ्यांत उत्तम. सकाळी आठ-नऊला ओहोटी, तेव्हा चिखलात फिरायचं. दुपारी भरती, तेव्हा होडीतून. शिवाय उधाण उतरणीला लागलेलं असतं, म्हणजे रोज रात्री पाणी आदल्या रात्रीपेक्षा थोडं खालीच थांबतं.

हे आम्ही चुकून शिकलो. पहिल्या वर्षी कोल्हापूरहून द्वादशीला पोचलो, ओल्या रेषेच्या चार पावलं वर तंबू ठोकला आणि निर्धास्त झोपलो. पाणी रोज थोडं वर येत होतं, ते कुणी बघितलंच नाही. चौथ्या रात्री, पौर्णिमेला, अकराच्या सुमारास धाकटी उठून म्हणाली, ‘आई, माझी चादर ओली झाली.’ बॅटरी लावली तर तंबूच्या दारात पाणी आणि मुलांच्या चपला तरंगतायत. त्या रात्री दोन पोरांना कडेवर घेऊन वाडीत पळालो. आता मी ओली रेषा बघतच नाही. वाळक्या काटक्या, नारळाची सोडणं आणि कचरा यांची जी सगळ्यांत वरची जुनी ओळ असते, ती शोधते आणि तिच्याही बऱ्याच वर जाते. समुद्राच्या बाजूला खूण आणखी सोपी. जांभळ्या फुलांचा जो वेल पुळणीवर पसरलेला असतो, त्याचं नावच मर्यादवेल.

देवबाग म्हणजे वाळूची चिंचोळी पट्टी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी. तंबू खाडीच्या बाजूला, कुणाच्या तरी वाडीत, त्यांना विचारूनच लावा. माडाखाली मात्र अजिबात नको. नारळ पडतो, झाप पडतं, दोन्ही जिवावर बेतू शकतं. सुरूच्या झाडांचा आडोसा चांगला. थंडीत रात्री मतलई वारा जमिनीकडून येतो, म्हणजे खाडीवरून, म्हणून तंबूची पाठ पूर्वेला करा. वाळूत खुंटी टिकत नाही. पिशवीत वाळू भरा, तिला दोरी बांधा आणि हातभर खोल पुरा. दव एवढं पडतं की वरचं कापड सकाळी पिळून काढावं लागतं, म्हणून अंथरुणं कापडाला टेकू देऊ नका.

चिखलात जाताना चपला नकोत, जुने कॅनव्हासचे बूट घाला. चप्पल चिखलात रुतून बसते आणि दगडावरची कालवं पाय ब्लेडसारखी कापतात. घाई न करता एका जागी दहा मिनिटं उभे राहा. आधी काही दिसत नाही, मग बिळांतून एकेक खेकडा बाहेर येतो. त्यातल्या नरांचा एक आंगडा, म्हणजे नांगी, अंगाएवढा मोठा असतो आणि तो हलवत ते हाक मारल्यासारखे उभे राहतात. निवट्या नावाचे मासे कल्ल्यांजवळच्या परांवर रांगत चिखल चढतात. मुलांना तिवराचं, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीचं, पान चाटायला द्या. पानावर बारीक पांढरे खडे दिसतात, ते मीठ. खारं पाणी पिऊन झाड जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. माझ्या मुलीने पुस्तकात वाचलं होतं, पण जिभेला लागल्यावर तिचा चेहरा जो झाला तो मी विसरणार नाही.

आता पोहण्याचं. खाडी समुद्राला मिळते त्या संगमावर मुलांना पाण्यात सोडू नका, पाणी घोट्याएवढं दिसलं तरी. ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासाला खाडीचं पाणी इतक्या जोराने समुद्राकडे ओढतं की मोठा माणूसही उभा राहत नाही. भरती चढत असताना, आतल्या बाजूला, उथळ वाळूवर खेळू द्या. होडीत लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं हवं, ‘एवढ्यातल्या एवढ्यात काय होतंय’ ऐकून घेऊ नका. वाडीतल्या आजी रोज खळ्यातून ओरडायच्या, ‘भरती लागली गे बाय, पोरांका वर घे!’ अशी एक जाणती हाक जवळ असेल अशीच जागा निवडा.

तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायच्या तर गावातल्या बायकांबरोबरच जा, जागा त्यांना ठाऊक असते. बारीक असतील त्या परत टाका. मिठाच्या पाण्यात तीन-चार तास ठेवल्या की वाळू सोडतात. शिजवूनही जी उघडत नाही ती खायची नाही. पिण्याचं पाणी मात्र भरपूर बरोबर न्या, कारण अशा पट्टीवरच्या विहिरींचं पाणी मचूळ लागू शकतं.

एक संध्याकाळ पांढऱ्या चिप्पीसाठी राखून ठेवा. 2020 मध्ये महाराष्ट्राने हिला राज्याचं कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. तिची फुलं अंधार पडताना उमलतात, पांढऱ्या केसरांचा झुपका, आणि रात्री वटवाघळं, पतंग त्यांच्यावर येतात. बॅटरी बंद करून, होडी बांधून ठेवून गप्प बसायचं. सकाळी तेच केसर पाण्यावर पसरलेले दिसतात.

घरी आल्यावर तंबूच्या चेनी आणि दांड्या त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, उलटा करून दोन दिवस सावलीत वाळवा. चेनीत मीठ राहिलं की पुढच्या वर्षी ती उघडत नाही.