बॅश स्क्रिप्टमध्ये कमांड सापडली नाही तर

समजा, रोज रात्री एक स्क्रिप्ट चालते. पहिल्या ओळीत आरसिंक जुने लॉग दुसऱ्या डिस्कवर उतरवते, दुसऱ्या ओळीत आरएम मूळ लॉग पुसते. नव्या सर्व्हरवर आरसिंक टाकायचे राहून गेले. स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम म्हणजे बॅश. तो 'कमांड नॉट फाउंड' म्हणतो, १२७ हा एक्झिट कोड देतो (शून्य म्हणजे काम झाले, इतर आकडा म्हणजे बिघडले) आणि पुढच्या ओळीवर जातो. प्रत झालीच नाही, मूळ लॉगही गेले.

१. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच, लागणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामचे नाव 'कमांड -व्ही'ला देऊन बघा. नाव सापडले नाही तर तिथेच एक्झिट करा.

२. टायपिंगच्या चुका मात्र यातून निसटतात. त्यांच्यासाठी 'कमांड_नॉट_फाउंड_हँडल' हे फंक्शन लिहा. नाव अगदी हेच हवे, रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरे. ही सोय २००९ च्या बॅश ४.० पासून आहे. कमांड सापडली नाही की बॅश हे फंक्शन बोलावतो आणि मूळ ओळीतले शब्द त्याच्या हाती देतो. पहिला शब्द म्हणजे ते न सापडलेले नाव. ते इको कमांडने स्टँडर्ड एररवर (चुकांच्या संदेशांच्या वाटेवर) छापा आणि शेवटी 'रिटर्न १२७' लिहा. ही शेवटची ओळ विसरू नका. नाहीतर इको नीट चालल्याचा शून्य कोड परत जातो, आणि स्क्रिप्टला वाटते सगळे ठीक झाले. हे फंक्शन, म्हणजे हँडलर, नसण्यापेक्षा हे वाईट.

३. हँडलरमध्ये एक्झिट लिहिले की स्क्रिप्ट थांबेल, असे वाटते. ती थांबत नाही. हँडलर वेगळ्या सबशेलमध्ये, म्हणजे बॅशच्या वेगळ्या प्रतीत, चालतो, त्यामुळे एक्झिटने फक्त तो सबशेल संपतो. आत बदललेले व्हेरिएबलही बाहेर दिसत नाहीत. थांबवण्याचे काम 'सेट -ई'चे: कमांड फसली की ते स्क्रिप्ट थांबवते. ते स्क्रिप्टच्या वरच लिहा. आरसिंकचे आउटपुट पाइपने टी कमांडकडे (ती आउटपुट फाइलमध्येही लिहिते) जात असेल, तर कोड टीचा धरला जातो आणि १२७ हरवतो. म्हणून पाइपमधल्या कुठल्याही कमांडचे अपयश धरणारे 'सेट -ओ पाइपफेल'ही हवे.

४. आता मुद्दाम एक चुकीचे नाव लिहा, त्याखाली साधा इको ठेवा आणि स्क्रिप्ट चालवा. इको छापला गेला, तर तिसरी पायरी पुन्हा बघा. या चाचणीत आरएम ठेवू नका.

हँडलर स्क्रिप्टमध्येच लिहायचा, कारण स्क्रिप्ट चालवताना बॅश तुमची बॅशआरसी ही सेटिंगची फाइल वाचत नाही. कमांडच्या नावात स्लॅश असेल तर हँडलर बोलावला जात नाही. मॅकवर सोबत येणारा बॅश ३.२ आहे, त्याला हे फंक्शन माहीतच नाही. झेडशेल या बॅशसारख्याच दुसऱ्या शेलमध्ये त्याच्या नावाचा शेवट 'हँडलर' असा होतो.