रायफलला स्कोप लावावा की नाही

भात पोटरीला आलं की डुकरं खाचरात उतरतात आणि गावातला कुणीतरी मोबाइल पुढे करतो, "सुभेदार, हा स्कोप मागवू का?" स्कोप म्हणजे रायफलीवर बसवायची नेमाची दुर्बीण. मी आधी कागद विचारतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ ला दुरुस्ती झाली आणि हौसेची शिकार बंद झाली. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे बंदूक बाळगायची मुभा. डुकरावर गोळी झाडायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. दोन्ही असेल तरच बोलू.

बारा बोअरची एकनळी असेल तर पैसे खिशातच ठेवा, नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे फोरसाइट, पुरते. विचार करायचा तो .३१५ सारखी रायफल असलेल्याने.

पहिलं काम, अंतर पावलांनी मोजा. माळ्यापासून बांधापर्यंत, पडवीपासून आगराच्या दगडी गडग्यापर्यंत. सडा, म्हणजे उघडा कातळमाळ, सोडला तर आपल्या झाडोऱ्यात पन्नास मीटरपलीकडे मोकळं दिसतं कुठे? तेवढ्या अंतराला फोरसाइट कमी पडत नाही. कमी पडतात ते डोळे.

डोळ्याजवळच्या बॅकसाइटची खाच, फोरसाइटचं टोक आणि जनावर, तिन्ही वेगळ्या अंतरावर असतात आणि डोळा एका वेळी एकच स्वच्छ बघतो. रेंजवर उस्ताद ओरडायचे ते याचसाठी: नजर टोकावर, टारगेट धूसर दिसलं तरी चालेल. चाळिशी लागली की ते टोकच पुसट होतं. म्हणून तिन्हीसांजेला रायफल रिकामी करा, चेंबरमध्ये बोट घालून खात्री करा आणि मोकळ्या बांधावर नेम धरून बघा. टोक रेखीव दिसतंय, खाचेत दोन्ही बाजूंना सारखी फट दिसतेय? मग स्कोप नको. माशीला पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्या, अंधारात उपयोगी पडतो. टोक फुटून दोन दिसायला लागली, तर मात्र स्कोप घ्या. त्यात क्रॉस आणि जनावर एकाच पातळीवर येतं.

घ्यायचाच तर साधा ४×३२. दुकानदार ३-९×४० पुढे करेल. त्यातला पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं ते (३-९ म्हणजे तीन ते नऊ पट बदलता येतं), दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ३२ भागिले ४ म्हणजे ८ मिलिमीटर रुंद उजेडाची तिरीप डोळ्यात येते. ९ पटीवर ४० चं जेमतेम साडेचार. काळोख पडताना डोळ्याची बाहुली त्याहून मोठी उघडते, म्हणजे जास्त पटीत चित्र काळवंडतं. शिवाय तीस मीटरवर नऊ पटीने नुसते राठ केस दिसतात; मागे शेजाऱ्याचा रेडा उभा आहे की कातळ, ते कळत नाही. कातळावर गोळी उसळते, हे विसरू नका.

जुन्या .३१५ ला बहुधा स्कोपच्या बेससाठी, म्हणजे त्याच्या बैठकीसाठी, भोकं नसतात. ती परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच पाडून घ्या. गोळी भरायचा बोल्ट उचलताना स्कोपला अडत नाही ना, तेही तिथेच बघा. डोळा काचेपासून तीन-साडेतीन इंच लांब हवा, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते.

गडग्यावरून नेम धरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. स्कोप नळीच्या साधारण चार सेंटीमीटर वर असतो. काचेतून समोर सगळं मोकळं दिसतं आणि नळीचं तोंड मात्र चिऱ्याला टेकलेलं! झाडण्यापूर्वी मान वर करून नळीपुढे बघा. त्याच उंचीमुळे पन्नास मीटरवर झिरो केलेली, म्हणजे नेम आणि गोळी तिथे जुळवलेली, रायफल दहा मीटरवर तीन-एक सेंटीमीटर खाली मारते.

झिरो मान्यताप्राप्त रेंजवर, वाळूच्या पिशवीवर टेकून करा. तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे त्या कुठे एकत्र पडल्या ते, बघायचा; एका गोळीवर स्कोपचा स्क्रू फिरवायचा नाही. त्या स्क्रूचा पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक नेम पन्नास मीटरवर साडेतीन मिलिमीटर सरकवतो. ग्रुप तीन सेंटीमीटर खाली पडला तर आठ क्लिक वर. फोरसाइटचं उलटं: गोळी खाली जात असेल तर टोक कमी उंचीचं हवं.

पावसाळ्यात रायफल गवसणीत कोंडू नका, खाऱ्या दमट हवेत स्कोप धरणाऱ्या रिंगांच्या खाली गंज धरतो. स्कोप नायट्रोजन भरलेलाच घ्या, नाहीतर आषाढात आतून वाफ धरेल आणि ती पुसता येत नाही. पाऊस सरला की रिंगांचे स्क्रू तपासा आणि भातकापणीआधी झिरो पुन्हा बघून घ्या.