फोनवर इंटरव्ह्यू आहे? आधी खोली बघून ठेवा

पुण्याच्या बऱ्याच कंपन्या पहिला राऊंड आता फोनवरच घेतात, सोलापूरहून सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जायची धावपळ वाचते ते चांगलंच झालं. पण फोनवर तुमचे इस्त्रीचे कपडे, फाईल, चेहरा काहीच दिसत नाही, जातो तो फक्त आवाज, आणि नेमकी त्याचीच तयारी कुणी करत नाही.

माझ्या धाकट्या भावाचा पहिला कॉल घरीच आला. आमचं घर सोलापुरात अशोक चौकाकडे, भिंतीला लागून यंत्रमाग, आम्हाला त्या खटखटीची एवढी सवय की ती कानावरच येत नाही. समोरच्या मॅडम दोन-तीनदा म्हणाल्या, तुमच्याकडे खूप आवाज येतोय, मग नंतर करते म्हणून ठेवला, तो फोन परत काय आला नाही. पुढच्या वेळी त्याला जुळे सोलापूरला मावशीकडे पाठवला, आतल्या खोलीत, गाद्यांच्या चळतीजवळ बसवला, कारण रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. मे महिना होता तरी कूलर बंद, पंखा एकवर. घाम आला, पण बोलणं स्वच्छ गेलं. आणि त्या दिवशी नळाला पाणी येणार आहे का तेही विचारून ठेवा, पाणी आलं की अख्ख्या गल्लीत हंडे-मोटारींचा गोंधळ असतो.

आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच जागेवरून मित्राला फोन लावून बघा, रेंज तिथंच कळते. कॉल वेटिंग बंद करा, नाहीतर मधेच टूं टूं वाजत राहतं. ब्लूटूथ पण बंद, नाहीतर कॉल जातो दुसऱ्या खोलीतल्या इअरबड्सला. अनोळखी नंबर आपोआप सायलेंट होतात का ते तपासा, आणि ०२० ने सुरू होणारा लँडलाईन नंबर दिसला की लोनवाला समजून कट करू नका, तो पुण्याचा कोड आहे.

बायोडाटा कागदावर प्रिंट काढून समोर ठेवा, बाजूला मोठ्या अक्षरात चार मुद्दे: शिक्षण, काय काम केलं, ही कंपनी काय करते, पगार किती सांगायचा. पूर्ण उत्तरं लिहू नका हो, वाचून दाखवलेलं लगेच कळतं, एका सुरात येतं सगळं. ‘स्वतःबद्दल सांगा’ हे मात्र मोठ्यानं पाच-सहा वेळा म्हणा, मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून ऐका. भाऊ घाईत वाक्याचा शेवट गिळायचा, ते त्याला स्वतःचं ऐकल्यावरच कळलं. घरात तेलुगू, कन्नड बोलत असाल आणि इंग्रजीत अडखळत असाल तर हळू बोला, प्रश्न नाही कळला तर सरळ ‘सर, परत सांगाल का’ म्हणा, त्यात काही कमीपणा नाही.

फोन ठेवायच्या आधी पुढचा राऊंड कधी ते विचारा. आणि नोकरीसाठी रजिस्ट्रेशनचे, ट्रेनिंगचे पैसे मागितले तर तिथंच ठेवा फोन, पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला कळवा.