प्रोस्टेट कर्करोगाच्या पेट स्कॅनसाठी ट्रेसरची तुलना कशी करावी

दोन ट्रेसरपैकी (ट्रेसर म्हणजे पेट स्कॅनआधी टोचले जाणारे, रोगाची जागा दाखवणारे किरणोत्सारी द्रव्य) चांगला कोणता, हे विचारण्याआधी स्कॅन कशासाठी करायचा आहे ते निश्चित करावे. नव्याने निदान झालेल्या रुग्णात रोग प्रोस्टेटबाहेर पसरला आहे का हे पाहणे वेगळे आणि शस्त्रक्रियेनंतर पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारे प्रथिन) पुन्हा वाढू लागल्यावर रोग कुठे उलटला हे शोधणे वेगळे. एका प्रश्नासाठी मिळालेले आकडे दुसऱ्याला लावू नयेत.

त्यानंतर आकडे कोणत्या पीएसए पातळीवरचे आहेत ते तपासावे, कारण बहुतेक गफलती इथेच होतात. पीएसएमए या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवरील प्रथिनाला चिकटणाऱ्या गॅलियम-६८ पीएसएमए-११ या एकाच ट्रेसरने, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पीएसए ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असताना ३८ टक्के, तर ५ किंवा अधिक असताना ९७ टक्के रुग्णांत रोगाची जागा दाखवली. साहजिकच वेगवेगळ्या अभ्यासांतील टक्केवारी शेजारी मांडून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. त्याच रुग्णांवर दोन्ही स्कॅन केलेला अभ्यास मिळाला, तर तो अधिक विश्वासार्ह मानावा. त्याच वर्षीच्या अशा एका अभ्यासात, पीएसए ०.२ ते २.० असलेल्या ५० रुग्णांत फ्लुसिक्लोविन या पीएसएमएवर न आधारलेल्या ट्रेसरने २६ टक्के, तर पीएसएमए-११ ने ५६ टक्के रुग्णांत रोग दाखवला. तरीही स्कॅनवर ठिपका दिसणे आणि बायोप्सीने कर्करोग सिद्ध होणे यांतील अंतर विसरू नये.

कार्बन-११ कोलीन या आणखी एका ट्रेसरचा अर्धायुकाल (किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ) जेमतेम २० मिनिटांचा असल्याने तो तयार करण्यासाठी लागणारे सायक्लोट्रॉन हे यंत्र जवळच असावे लागते. पीएसएमए ट्रेसर उपलब्ध असताना कोलीनचा विचार करण्याचे कारण क्वचितच उरते.

खरी निवड पीएसएमए ट्रेसरमध्येच करावी लागते. गॅलियम-६८ चा अर्धायुकाल ६८ मिनिटांचा असून ते जनरेटर नावाच्या छोट्या उपकरणातून जागेवरच मिळते, तर फ्लोरिन-१८ चा सुमारे ११० मिनिटांचा असल्याने ते दूरवर पाठवता येते. पीएसएमए-११ मूत्रावाटे बाहेर पडते, त्यामुळे उजळलेल्या मूत्राशयाआड लगतचा लहानसा रोग झाकला जाऊ शकतो. फ्लोरिन-१८ वर आधारित पीएसएमए-१००७ मुख्यतः यकृत व पित्तमार्गे उत्सर्जित होत असल्याने मूत्राशयाजवळची प्रतिमा स्वच्छ येते. मात्र याच ट्रेसरने हाडांत, विशेषतः बरगड्यांत, कर्करोगाशी संबंध नसलेले ठिपके अधिक दिसतात. एकाच बरगडीवर फिकट ठिपका असून सीटीत बदल नसेल, तर केवळ त्यावरून उपचार बदलणे घाईचे ठरते. उदरातील मज्जागुच्छांतही (मज्जातंतूंच्या पेशींचे पुंजके) पीएसएमए ट्रेसर साठतो आणि ते लसिकाग्रंथी वाटू शकतात.

काही गाठींमध्ये पीएसएमए अत्यल्प असते. अशा वेळी निव्वळ स्वच्छ स्कॅनवर विसंबून न राहता एफडीजी पेटचा (साखरेसारख्या ट्रेसरने केलेल्या स्कॅनचा) विचार तज्ज्ञांशी बोलून करावा. पुढील स्कॅन शक्यतो त्याच ट्रेसरने करावा आणि अहवालात ट्रेसरचे नाव, इंजेक्शन ते प्रतिमा यांतील वेळ, त्या दिवसाचा पीएसए व चालू असलेले हार्मोन उपचार नोंदवून घ्यावेत. अन्यथा दोन अहवालांतील फरक रोगाचा की ट्रेसरचा, हे सांगता येत नाही.